रिकामा रकाना

सस्नेह नमस्कार,

तुझं पत्र आणि सोबतचा तक्ता काल रात्री सावकाश वाचला. चाळीस नवे रेणू, रचनेवरून विषारीपणाचा अंदाज बांधणारी तीन संगणकीय मॉडेलं आणि प्रत्येक उत्तराला हिरवा नाहीतर लाल रंग. मेहनत दिसते. त्यातल्या एकतीस ओळी पूर्ण हिरव्या आहेत आणि त्यांच्यापुढे तू ‘सुरक्षित’ असं लिहिलं आहेस. त्या एका शब्दासाठी हे पत्र लिहितोय.

मॉडेल ‘सुरक्षित’ म्हणालेलंच नाही. ते एवढंच सांगतंय, की मला जे धोकादायक तुकडे ओळखता येतात त्यांपैकी एकही या रचनेत सापडला नाही. या दोन वाक्यांमधल्या अंतरात माणसांचे हातपाय लुळे पडलेले आहेत. हे मी अक्षरशः म्हणतोय.

कागद घे आणि दोन रेणू काढ. एक मिथाइल आयसोब्युटाइल कीटोन, दुसरा मिथाइल एन-ब्युटाइल कीटोन. दोन्हींत सहा कार्बन, बारा हायड्रोजन, एक ऑक्सिजन. तेलात किती आणि पाण्यात किती उतरतात, तो लॉग केओडब्ल्यूचा आकडाही दोघांचा 1.3–1.4 च्या आसपास. फरक इतकाच, की पहिल्याच्या साखळीला फांदी आहे आणि दुसऱ्याची साखळी सरळ आहे. 1973 साली अमेरिकेत ओहायोतल्या कोलंबस इथे कापडावर लेप चढवणाऱ्या एका कारखान्यात कामगारांच्या हातापायांना बधिरता येऊ लागली, ताकद जाऊ लागली. आदल्या वर्षी तिथे फांदीवाल्या द्रावकाच्या जागी सरळ साखळीचा द्रावक आला होता. सरळ साखळीवर यकृतातली विकरं पाचव्या कार्बनला ऑक्सिजन जोडतात आणि 2,5-हेक्झेनडायओन तयार होतो. त्याचे दोन कार्बोनिल गट, म्हणजे कार्बन-ऑक्सिजनच्या जोड्या, एकमेकांपासून अगदी नेमक्या अंतरावर असतात. मज्जातंतूंमधल्या प्रथिनांच्या नायट्रोजनवाल्या अमाइन गटांना ते दोन्ही बाजूंनी धरतात आणि तिथे पायरोलचं वलय तयार होतं. फांदीवाल्या रेणूत ही जागाच नसते. साधं हेक्झेनसुद्धा शरीरात याच डायओनपर्यंत पोचतं, म्हणून त्याचीही तीच कीर्ती.

मॉडेलला तू मूळ रेणू दिलास, तर ते मूळ रेणूबद्दलच बोलणार. शरीरात गेल्यावर त्याचं काय होतं, हे तुलाच विचारावं लागेल. हवेत आणि पाण्यात काय होतं, हेसुद्धा. 2020 साली कळलं, की टायरचं रबर टिकावं म्हणून घालतात ते 6पीपीडी हवेतल्या ओझोनशी अभिक्रिया करून एक क्विनोन बनवतं आणि पावसाच्या पाण्याबरोबर ओढ्यात उतरतं. अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावर अंडी घालायला परतणारे कोहो सामन मासे वर्षानुवर्षं मरत होते, ते या क्विनोनमुळे. त्याच कुळातल्या चम सामनला मात्र त्याने विशेष काही होत नाही. एका जातीच्या माशांवर शिकलेलं मॉडेल दुसऱ्या जातीबद्दल किती सांगू शकेल, याचा विचार कर.

पण म्हणून मॉडेलांवरचा विश्वास सोडू नकोस. त्यांच्याशिवाय चालणार नाही, हे मी मनापासून सांगतोय. अमेरिकेच्या 1976 च्या कायद्यात नव्या रसायनाची सूचना 90 दिवस आधी द्यावी लागे, पण विषारीपणाच्या चाचण्या करूनच या, अशी सरसकट अट नव्हती. हातात फक्त रचना आणि डोक्यावर मुदत, अशा अवस्थेत तिथल्या शास्त्रज्ञांनी रचनेवरून अंदाज बांधायची शिस्त घडवली. तिची मुळं आणखी जुनी आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मायर आणि ओव्हरटन यांनी पाहिलं होतं, की पदार्थ तेलात जितका जास्त उतरतो तितकी त्याची गुंगी जास्त. 1964 साली हान्श आणि फुजिता यांनी असं नातं गणिताच्या समीकरणात मांडलं. प्रत्येक नव्या रेणूसाठी प्राणी मारायचे नसतील आणि दहा-दहा वर्षं थांबायचं नसेल, तर पहिली चाळण संगणकाचीच हवी.

फक्त चाळणीची भोकं माहीत हवीत. आर्थिक सहकार्य आणि विकास संघटनेने 2004 मध्ये अशा मॉडेलांसाठी पाच तत्त्वं ठरवली. पाचही वाच, पण तिसरं भिंतीवर लाव: मॉडेलचं कार्यक्षेत्र ठरलेलं हवं. कुठल्या प्रकारच्या रेणूंवर ते शिकलं आणि कुठे त्याचा शब्द चालत नाही, हे सांगता आलं पाहिजे. पीएफओएसचं, म्हणजे डाग आणि पाणी न धरणाऱ्या लेपांत वापरलेल्या फ्लोरिनयुक्त रसायनाचं, उदाहरण घे. शरीरात साठण्याचा अंदाज आपण बहुतेक वेळा लॉग केओडब्ल्यूवरून करतो, म्हणजे पदार्थ चरबीत साठतो असं गृहीत धरतो. पीएफओएस साबणासारखा दोन द्रवांच्या सीमेवर जाऊन बसतो, त्यामुळे तो आकडा धड मोजताच येत नाही. आणि शरीरात तो चरबीत राहत नाही, रक्तातल्या प्रथिनांना चिकटून राहतो. मॉडेलला आकडा मागितला तर ते देईल, दशांशासकट देईल. 2009 साली हा पदार्थ स्टॉकहोम कराराच्या यादीत गेला.

आता माझं एक सांगतो. कामाला लागून तीनेक वर्षं झाली होती. रंगनिर्मितीत मधल्या टप्प्यावर तयार होणाऱ्या एका पदार्थाचा अहवाल माझ्याकडे होता. निकाल चांगला आला होता, पण शेजारच्या रकान्यात ‘कार्यक्षेत्राबाहेर’ अशी नोंद होती. तक्ता पानावर मावेना, म्हणून मी तो रकाना काढून टाकला. पुढे एम्स चाचणी झाली. त्या चाचणीत हिस्टिडिन स्वतः बनवू न शकणारे साल्मोनेला जिवाणू वापरतात. ज्यांच्या जनुकात बदल होऊन ती क्षमता परत येते, तेच वाढतात. आमच्या बशीत वसाहती मोजता येणार नाहीत इतक्या उठल्या होत्या. मधले पाच महिने प्रयोगशाळेतली माणसं ती पूड उघड्यावर तोलत होती, माझ्या अहवालाच्या भरवशावर. अशा संपर्काचा परिणाम दिसायला दशकं लागतात. ती दशकं अजून संपलेली नाहीत.

तुझ्या तक्त्यात तो रकाना आहे, पण रिकामा आहे. तो भर. प्रत्येक रेणूसमोर मॉडेलच्या प्रशिक्षण संचातले सर्वांत जवळचे तीन रेणू लिही आणि त्यांचे प्रत्यक्ष मोजलेले निकालही लिही. जवळचं कुणी सापडलंच नाही, तर तसं स्पष्ट लिही आणि हिरवा रंग पुसून राखाडी कर. आणखी एक गोष्ट खटकली. तुझी पहिली दोन मॉडेलं एकाच सार्वजनिक एम्स डेटावर शिकलेली आहेत. त्यांचं एकमत झालं म्हणून पुरावा दुप्पट होत नाही, ती एकाच गुरूची दोन मुलं आहेत. एक मॉडेल तज्ज्ञांच्या नियमांवर चालणारं आणि दुसरं आकडेवारीवर चालणारं, अशी जोडी घे.

‘अचूकता 92 टक्के’ असंही तू लिहिलं आहेस. संचात शंभरांपैकी दहाच रेणू घातक असतील, तर डोळे मिटून सगळ्यांना ‘घातक नाही’ म्हणणाराही 90 टक्के अचूक ठरतो. घातक असलेल्यांपैकी किती पकडले, तो आकडा मला वेगळा हवा.

मॉडेल सांगतं तो रेणूचा अंगभूत धोका. जोखीम ठरते ती कोण, किती वेळ आणि किती प्रमाणात त्याच्या संपर्कात येणार यावरून. हे तुला पाठ आहे, म्हणून लांबवत नाही.

सुरुवात ओळ 23 पासून कर. तो अॅझो रंग आहे, म्हणजे दोन नायट्रोजनांच्या बंधाने जोडलेला रंग, आणि तिन्ही मॉडेलांनी त्याला हिरवा दिलाय. आतड्यातले जिवाणू अॅझो बंध तोडतात. तो बंध मधोमध तोड, दोन्ही टोकांना अमाइन लाव, हातात येतील ते दोन रेणू कागदावर काढ आणि मग तेच मॉडेलमध्ये घाल. काय येतं ते गुरुवारपर्यंत कळव. तोवर तो नमुना कुणी उघड्यावर तोलू नये, असा निरोप मी प्रयोगशाळेत आजच दिला आहे.