दोन स्तंभांत वाहणारा मजकूर: साठा एकच ठेवा

मॅकवरील संपादकात आपण प्रत्येक स्तंभासाठी स्वतंत्र टेक्स्ट व्ह्यू (मजकूर दाखवणारी चौकट) घेतला असून पहिल्यात न मावणारा मजकूर दर बदलानंतर कापून दुसऱ्यात टाकता, आणि त्यामुळे कर्सर उडतो व अनडू बिघडते, असे आपण लिहिले आहे. दोष कापण्याच्या कोडमध्ये शोधू नका. एकाच लेखाचे दोन साठे केले, तिथेच तो आहे. कोडने हलवलेल्या मजकुराची नोंद अनडूकडे होत नाही, म्हणून त्याच्याकडील जुन्या जागा चुकीच्या ठरतात. शिवाय अक्षरे मोजून कापल्यास 'क्ष' मधोमध तुटू शकतो, आणि मराठी लेखनात हे मला अजिबात मान्य होण्यासारखे नाही.

ॲपकिटमध्ये, म्हणजे मॅकची ॲप्स लिहिण्यासाठीच्या ॲपलच्या तयार कोड-संचात, यासाठी मुळातच सोय आहे. टेक्स्ट स्टोरेज मजकूर सांभाळते, लेआउट मॅनेजर ओळी पाडतो, टेक्स्ट कंटेनर जागेचा आकार सांगतो आणि टेक्स्ट व्ह्यू फक्त दाखवतो व टंकन स्वीकारतो. एकाच लेआउट मॅनेजरला दोन कंटेनर क्रमाने जोडले, की पहिला भरल्यावर पुढची ओळ आपोआप दुसऱ्यात जाते. निवड आणि डेलिगेट (घडामोडींच्या सूचना घेणारा आपला ऑब्जेक्ट) हेही दोन्ही कंटेनरांच्या व्ह्यूंना सामाईक राहतात, त्यामुळे एका स्तंभातून दुसऱ्यापर्यंत सलग निवड करता येते. बदलाची सूचना मात्र नेहमी पहिल्या व्ह्यूच्या नावाने येते, हे डेलिगेट लिहिताना लक्षात ठेवावे. तोच मजकूर दोन खिडक्यांत वेगवेगळ्या रुंदीने दाखवायचा असेल, तर एकाच स्टोरेजला दोन लेआउट मॅनेजर जोडावेत.

कंटेनरची उंची मर्यादित ठेवा आणि व्ह्यूला मजकुरानुसार वाढू देऊ नका, नाहीतर पहिला स्तंभ कधी भरणारच नाही. मांडणी पूर्ण झाल्याचे कळवणाऱ्या डेलिगेट मेथडमध्ये कंटेनरऐवजी निल, म्हणजे 'काहीच नाही' हे मूल्य आले, तर मजकूर उरला पण जागा संपली असा अर्थ होतो. नवा स्तंभ तिथेच जोडावा.

ही रचना जुन्या टेक्स्टकिटमध्येच (वर सांगितलेल्या मजकूर-व्यवस्थेतच) करा, कारण 2021 मध्ये मॅकओएस 12 बरोबर आलेल्या टेक्स्टकिट 2 च्या लेआउट मॅनेजरला एकच कंटेनर जोडता येतो. सगळे भाग असे हाताने जोडल्यावर टेक्स्ट स्टोरेजची मालकी आपल्याकडे येते, म्हणून ते स्मृतीतून काढले जाऊ नये यासाठी त्याचा पक्का संदर्भ (strong reference) डॉक्युमेंटच्या ऑब्जेक्टमध्ये ठेवावा.