सबमिशनला चार दिवस उरलेत, शोधनिबंधात आता काय तपासू?

चार दिवस उरलेत, वाङ्मयचौर्य तपासणीत साम्य १४ टक्के येतंय, भाषा सुधारू की संदर्भ, असं तुम्ही विचारलंय. दोन्ही राहू द्या, आधी तारखा बघा.

माझा एम.फिल.चा लघुप्रबंध एका गावच्या पाटीलकीच्या तंट्यावर होता. कागद पुणे पुरालेखागारातले, मोडी, तारखा शकात. शकात ७८ मिळवले की इसवी सन, एवढंच शाळेपासून पाठ. निवाडा कार्तिक शके १६८५ चा, म्हणून नोव्हेंबर १७६३. धाकट्या भावाची तक्रार माघ शके १६८५ ची, ती मी लावली फेब्रुवारी १७६३ ला. म्हणजे आधी तक्रार, मग निवाडा. अख्खं तिसरं प्रकरण यावर उभं.

आता शक बदलतो चैत्रात, इसवी सन जानेवारीत. माघ-फाल्गुनाला ७९ मिळवायचे. (शिवजन्म फाल्गुन वद्य ३, शके १५५१, आणि साल १६३०, ते यामुळेच.) तक्रार निवाड्यानंतरची होती, निवाड्याविरुद्धच होती!

हे कळलं डीटीपीवाल्याकडे, बाइंडिंगच्या आदल्या संध्याकाळी, परिशिष्टातला कालपट त्याला मोठ्यानं वाचून दाखवताना. सरांना, म्हणजे माझ्या गाइडना, फोन लावला. सर म्हणाले, "आता मजकुराला हात लावू नकोस. ऱ्हस्व-दीर्घ बघ, पानांचे आकडे बघ. माघ की कार्तिक, कोण बघतंय?"

बहिस्थ परीक्षकांनी बघितलं. तोंडी परीक्षेत दोन्ही तारखांखाली पेन्सिलीनं रेघ ओढली आणि विचारलं, "एकाच शकात माघ कार्तिकाच्या आधी कसा आला हो?" सर खिडकीबाहेर बघत बसले.

तेव्हा 'शेवटी फक्त शुद्धलेखन' सांगणाऱ्या गाइडचं ऐकू नका. त्यांना फाइल हातावेगळी करायची असते. प्रिंट काढा, मोठ्यानं वाचा, प्रत्येक अवतरण मूळ नोंदवहीशी ताडा. आधी निष्कर्ष वाचा, मग प्रस्तावना. प्रस्तावना वर्षभरापूर्वीची असते, तोवर तुम्ही भलतंच सिद्ध केलेलं असतं. ती नव्यानं लिहा.

साम्याचं म्हणाल तर यूजीसीच्या २०१८ च्या नियमांत १० टक्क्यांपर्यंत कारवाई नाही, आणि श्रेय देऊन घेतलेली अवतरणं व संदर्भसूची मोजायचीच नसते. ती वगळून परत तपासून घ्या. टक्के उतरवायला शब्द फिरवत बसू नका, त्यात वाक्यं मरतात.

विषय रसायनशास्त्राचा असेल तर शकाचं सोडा, कोष्टकातले आकडे प्रयोगवहीशी ताडा. आणि गाइडशी भांडण सही मिळाल्यावर करा, आधी नको.

सर भेटले की अजून म्हणतात, "पण पदवी मिळाली ना?" मिळाली, सर. तीन महिने उशिरा, तिसरं प्रकरण परत लिहून.