गणपतरावांचे अकरा विजय नेमके कसे मोजायचे?

मागील स्तंभात सोलापूर जिल्ह्यातील सांगोल्याचे, शेतकरी कामगार पक्षाचे (शेकाप) दिवंगत आमदार गणपतराव देशमुख यांच्याविषयी लिहिताना ‘तेरा लढती, अकरा विजय’ असा उल्लेख ओघात केला होता. त्या एका वाक्यावर पुण्यातील वाचकांची बरीच पत्रे आली. काहींनी आकडा चुकल्याचे कळवले, तर काहींनी तो कमी सांगितल्याची तक्रार केली. त्यांपैकी निवडक प्रश्न येथे घेत आहे.

प्रश्न : मी नारायण पेठेतील अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेची तयारी करते. निवडणूक आयोगाचे १९६२ ते २०१४ या काळातील महाराष्ट्र विधानसभेचे सगळे अहवाल उघडून सांगोल्याचे निकाल वहीत उतरवले, पण विजय दहाच भरतात. अकरावा कोठून आला?

आपली बेरीज अचूक आहे आणि अकरा हा आकडाही खरा आहे. आपल्या वहीत बहुधा असे उतरले असेल : १९६२ आणि १९६७ मध्ये विजय, १९७२ मध्ये पराभव, १९७८, १९८०, १९८५ आणि १९९० असे सलग चार विजय, १९९५ मध्ये पराभव, पुढे १९९९, २००४, २००९ आणि २०१४ असे पुन्हा चार. दोन, चार आणि चार मिळून दहा. आयोगाचे हे अहवाल त्या त्या सार्वत्रिक निवडणुकीचे असतात. मध्येच जागा रिकामी होऊन झालेल्या पोटनिवडणुकीचा निकाल त्यांत येत नाही. सांगोल्यात अशी पोटनिवडणूक १९७४ मध्ये झाली आणि गणपतराव तीत निवडून आले. म्हणजे त्यांचा अकरावा विजय १९७२ आणि १९७८ या दोन अहवालांच्या मधल्या फटीत दडलेला आहे. परीक्षेसाठी म्हणून सांगतो : कोणाच्याही ‘टर्म’ मोजताना आधी पोटनिवडणुका तपासाव्यात, कारण नव्वद टक्के घोळ तेथेच होतो. (हे ‘नव्वद टक्के’ बोलण्याच्या ओघातले आहे, ते उत्तरपत्रिकेत लिहू नये.)

आणखी एक बारकावा असा की, विजयांची संख्या आणि सभागृहातील वर्षे ही दोन वेगळी मापे आहेत. १९७८ ची विधानसभा राष्ट्रपती राजवट लागून फेब्रुवारी १९८० मध्ये बरखास्त झाली, त्यामुळे दोन वर्षांच्या अंतराने दोन विजय नावावर लागले. उलट १९७२ ची विधानसभा आणीबाणीच्या काळातील मुदतवाढीमुळे १९७८ पर्यंत लांबली. गणपतरावांच्या बाबतीत १९६२ ते १९७२ ही दहा वर्षे, १९७४ ते १९९५ ही साधारण वीस-एकवीस आणि १९९९ ते २०१९ ही वीस, अशी एकूण पन्नास-एक्कावन्न वर्षे भरतात. पंचावन्न किंवा सत्तावन्न वर्षांचा उल्लेख वाचनात आला, तर मधल्या खंडांचा हिशेब राहिला आहे असे समजावे.

प्रश्न : देशात सर्वाधिक वेळा निवडून आलेले आमदार गणपतराव होते, असा संदेश आमच्या कोथरूडच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर दरवर्षी त्यांच्या पुण्यतिथीला फिरतो. हे खरे आहे का?

नाही. त्यांचा विक्रम महाराष्ट्रापुरता आहे आणि तो तेवढाही पुरेसा मोठा आहे. तमिळनाडूत एम. करुणानिधी १९५७ मध्ये कुळित्तलै येथून पहिल्यांदा आणि २०१६ मध्ये तिरुवारूरमधून अखेरचे, असे एकूण तेरा वेळा निवडून आले आणि विधानसभेची निवडणूक एकदाही हरले नाहीत. मात्र त्यांनी मतदारसंघ अनेकदा बदलले. केरळमध्ये के. एम. माणी १९६५ ते २०१६ या काळात पाला या एकाच मतदारसंघातून तेरा वेळा निवडून आले. त्यातही गंमत अशी की १९६५ मध्ये कोणालाच बहुमत न मिळाल्याने केरळची ती विधानसभा एकदाही भरली नाही. त्यामुळे माणी निवडून तेरा वेळा आले, पण सभागृहात बसले ते बारा निवडणुकांच्या बळावर. पुदुपल्लीचे ओमन चंडी बारा वेळा निवडून आले. गणपतरावांचे वेगळेपण सांगायचेच असेल, तर एक मतदारसंघ, एक पक्ष आणि दोन पराभवांनंतर दोनदा केलेले पुनरागमन असे सांगावे. संदेश पुढे पाठवण्याआधी तेवढी दुरुस्ती करावी, ही विनंती.

प्रश्न : आम्ही मूळचे सांगोला तालुक्यातले, आता हडपसरला स्थायिक आहोत. १९९५ मध्ये आबासाहेब (गणपतराव) अवघ्या १९२ मतांनी पडले, तेव्हा वडील दोन दिवस जेवले नव्हते. इतक्या थोड्या फरकाने हरल्यावर फेरमोजणी आपोआप होत नाही का? आणि मुळात ते पडले का?

पहिला भाग कायद्याचा आहे. आपल्याकडे फरक कितीही कमी असला तरी फेरमोजणी आपोआप होत नाही. मोजणीचे आकडे जाहीर झाल्यावर उमेदवाराने किंवा त्याच्या प्रतिनिधीने कारणे देऊन लेखी अर्ज करावा लागतो. तो पूर्ण मान्य करायचा, अंशतः मान्य करायचा की फेटाळायचा, हे निवडणूक निर्णय अधिकारी ठरवतो. निकाल जाहीर झाल्यानंतर उरतो तो उच्च न्यायालयातील निवडणूक याचिकेचा मार्ग, आणि त्यालाही ४५ दिवसांची मुदत असते.

दुसऱ्या भागाचे उत्तर देताना मी सावध राहीन, कारण १९२ मतांच्या पराभवाला एकच कारण शोधणे म्हणजे घागर कोणत्या थेंबाने भरली हे शोधण्यासारखे आहे. पण त्यांचे दोन पराभव शेजारीशेजारी ठेवून पाहावेत. १९७२ मध्ये काँग्रेसने राज्यातील २७० पैकी २२२ जागा जिंकल्या. त्या लाटेत सांगोलाही गेला, यात नवल नाही. १९९५ चे वारे मात्र नेमके उलटे होते. काँग्रेस ८० जागांवर घसरली, शिवसेना-भाजप युती सत्तेवर आली आणि त्याच निवडणुकीत सांगोल्याने काँग्रेसच्या शहाजीबापू पाटलांना निवडून दिले. म्हणजे राज्याच्या वाऱ्यावरून सांगोल्याचा अंदाज बांधता येत नाही. तेथील राजकारण तालुक्याच्या आतच घडत होते. हेच शहाजीबापू पुढे २०२२ मध्ये गुवाहाटीहून ‘काय झाडी, काय डोंगार’ म्हणत घराघरांत पोचले, हे वेगळे सांगायला नको.

तालुक्याच्या आतले म्हणजे काय, तर मुख्यतः पाणी. माणदेशातला हा अवर्षणग्रस्त टापू, माण नदीचे पात्र वर्षातील बहुतेक काळ कोरडे. कृष्णेचे पाणी उचलून या भागाला मिळावे, यासाठी नागनाथअण्णा नायकवडी यांच्या पुढाकाराने १९९३ मध्ये आटपाडीत दुष्काळी तालुक्यांची पाणी परिषद सुरू झाली आणि गणपतराव त्या चळवळीच्या अग्रभागी होते. कृष्णेचे पाणी उचलणाऱ्या टेंभू योजनेचे पाणी प्रत्यक्ष शिवारात यायला त्यानंतर पुष्कळ वर्षे गेली. मागणी लावून धरणाऱ्याला मतदार मान देतो, पण टँकरच्या रांगेत उभा असलेला माणूस मत देताना कालव्याकडे बघतो आणि कालवा तर अजून कागदावर असतो. हे माझे अनुमान आहे, पुरावा नव्हे. आपल्या वडिलांना कदाचित याहून नेमके कारण ठाऊक असेल.

प्रश्न : जेधे मॅन्शनसमोरून माझे रोज जाणे-येणे असते. शेतकरी कामगार पक्ष पुण्याच्या केशवराव जेध्यांचा, मग तो पुण्यात उरला नाही आणि सांगोल्यात कसा टिकला?

पक्ष १९४७ मध्ये शंकरराव मोरे, केशवराव जेधे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उभा केला. जेधे स्वतः १९५४ मध्ये काँग्रेसमध्ये परतले, मोरेही पुढे तिकडेच गेले. १९६२ मध्ये गणपतराव प्रथम निवडून आले, तेव्हा २६४ जणांच्या सभागृहात पक्षाचे १५ आमदार होते; २०१४ मध्ये ते अखेरचे निवडून आले, तेव्हा २८८ मध्ये ३ उरले होते. संस्थापक गेले, आमदार घटले, हा माणूस मात्र त्याच बाकावर राहिला. निष्ठा हा शब्द मी जपून वापरतो, कारण छोट्या पक्षात राहण्याचे व्यावहारिक फायदेही असतात : उमेदवारीसाठी मुंबईच्या वाऱ्या कराव्या लागत नाहीत आणि आघाडी सरकारला पाठिंब्याची गरज पडली, की मंत्रिपदही मिळते. गणपतराव दोनदा मंत्री झाले, १९७८ मध्ये शरद पवारांच्या आणि १९९९ मध्ये विलासराव देशमुखांच्या मंत्रिमंडळात. दोन्ही सरकारे आघाडीचीच होती. बाकी जवळजवळ सगळी कारकीर्द विरोधी बाकांवर गेली.

टिकण्याचे दुसरे कारण संस्थांमध्ये आहे. ज्या तालुक्यात कापूस पिकत नाही, तेथे त्यांनी शेतकऱ्यांची सहकारी सूतगिरणी उभी करून चालवून दाखवली. एसटीने प्रवास करणारा आमदार ही त्यांची प्रतिमा सर्वांना ठाऊक आहे आणि ती खोटी नाही. पण साधेपणाने आदर मिळतो, बूथवर बसणारे कार्यकर्ते मिळतात ते गिरणीसारख्या संस्थांतून.

प्रश्न : १९७२ नंतर १९७४ मध्येच पोटनिवडणूक झाली, पण पुण्याची लोकसभेची जागा वर्षभर रिकामी राहिली. नियम एकच ना?

नियम एक नाही, कारण १९७४ मध्ये तो नव्हताच. जागा रिकामी झाल्यापासून सहा महिन्यांत पोटनिवडणूक घ्यावी, हे लोकप्रतिनिधित्व कायद्याचे कलम १५१ अ १९९६ मध्ये आले. कसब्याच्या आमदार मुक्ता टिळक यांचे २२ डिसेंबर २०२२ रोजी निधन झाल्यावर कसब्यात २६ फेब्रुवारी २०२३ ला मतदान झाले, ते त्या मुदतीत. पुण्याचे खासदार गिरीश बापट यांचे निधन २९ मार्च २०२३ ला झाले आणि लोकसभेची मुदत तेव्हा एक वर्षाहून अधिक शिल्लक होती, तरी पोटनिवडणूक झाली नाही. डिसेंबर २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती तातडीने घेण्याचा आदेश दिला, जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली आणि पुणेकरांनी खासदार निवडला तो थेट मे २०२४ च्या सार्वत्रिक निवडणुकीत. पुण्यावर यात अन्याय झाला, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रश्न : पुणे शहरात असा दीर्घकाळ टिकलेला आमदार का झाला नाही?

बापट हेच जवळचे उदाहरण. कसब्याचे आमदार अण्णा जोशी १९९१ मध्ये लोकसभेवर गेल्यानंतर तेथे झालेली पोटनिवडणूक बापट हरले आणि १९९५ पासून २०१४ पर्यंत सलग पाच वेळा जिंकले. २०१९ मध्ये ते लोकसभेवर गेले नसते, तर आकडा वाढलाही असता. शहरात दुसरी अडचण सीमांची असते. २००९ पासून लागू झालेल्या पुनर्रचनेत भवानी पेठ हा मतदारसंघच नाहीसा झाला आणि कोथरूड नव्याने आला. पायाखालची सतरंजी अशी बदलत असताना अर्धशतक एका जागी बसणार कोण?

प्रश्न : नातवाच्या विजयाने आता बारा झाले, असे म्हणता येईल का?

घराण्याचे म्हणता येतील, गणपतरावांचे नाही. २०१९ मध्ये ते उभे राहिले नाहीत. नातू अनिकेत देशमुख शहाजीबापूंकडून ७६८ मतांनी हरले. ३० जुलै २०२१ रोजी गणपतरावांचे निधन झाले. २०२४ मध्ये दुसरे नातू बाबासाहेब देशमुख यांनी शहाजीबापूंना हरवून जागा परत मिळवली आणि त्या विधानसभेत ते शेकापचे एकमेव आमदार ठरले. वहीत ही नोंद करताना नवे पान घ्यावे आणि मतदारसंघ शोधताना अलीकडच्या अहवालांत तो २५३ क्रमांकाखाली ‘सांगोले’ असा दिला आहे, हे लक्षात ठेवावे.