नव्या मिनी ट्रॅक्टरसाठी घरी कोणते सामान ठेवावे?

केळी आणि कापसाच्या आंतरमशागतीसाठी आपण नुकताच मिनी ट्रॅक्टर घेतला आहे आणि त्याच्या देखभालीसाठी कोणते सामान घरी आणून ठेवावे, असे विचारले आहे. जळगाव जिल्ह्यातील यावल तालुक्यात आमच्याकडे अशाच कामावर छोटा ट्रॅक्टर चालतो, त्या अनुभवावरून लिहितो. सुटे भाग साठवण्याची घाई करू नये. आपल्याकडे नवा ट्रॅक्टर खरा झिजतो तो काळ्या जमिनीच्या धुळीने, म्हणून पहिला पैसा धूळ आवरणाऱ्या वस्तूंवर घालावा.

सर्वांत आधी चांगली ग्रीसगन आणि लिथियम ग्रीसचा डबा घ्यावा. बाजारात ते ‘एपी-३’ या नावाने सहज मिळते, तरी ट्रॅक्टरसोबत मिळालेल्या कंपनीच्या पुस्तिकेत वेगळा प्रकार दिला असेल तर तोच आणावा. पुढच्या एक्सलची मधली पिन, पुढची चाके ज्यावर वळतात ती किंगपिन, अवजार जोडण्याच्या मागच्या लिंकेजचे सांधे आणि रोटाव्हेटरला (माती भुसभुशीत करणाऱ्या फिरत्या पात्यांच्या अवजाराला) इंजिनाची ताकद पोहोचवणाऱ्या पीटीओ शाफ्टचे क्रॉस, म्हणजे सांधे, यांना साधारण १० तासांच्या कामानंतर ग्रीस द्यावे लागते. गन लावण्यापूर्वी निपल, म्हणजे ग्रीस भरण्याचे छोटे तोंड, फडक्याने पुसलाच पाहिजे, नाहीतर त्यावर बसलेली माती ग्रीसबरोबर आपणच आत ढकलतो. जुने काळे ग्रीस बाहेर येऊन त्यामागून स्वच्छ ग्रीस दिसू लागले, की थांबावे. पाणी भरलेल्या वाफ्यात काम झाले असेल, तर हे त्याच संध्याकाळी करावे.

इंजिनात जाणारी हवा गाळणारा एअर क्लीनर तेलाचा असल्यास त्याची खालची वाटी उघडून पाहावी. मे महिन्यात रोटाव्हेटर चालवला, की तिच्या तळाशी लापशीसारखा घट्ट काळा गाळ बसलेला असतो. तो काढून, वाटी डिझेलने धुऊन, कोरडी पुसून खुणेपर्यंतच नवे इंजिन ऑइल भरावे. खुणेच्या वर भरल्यास जास्तीचे तेल हवेबरोबर इंजिनात ओढले जाते. कागदी फिल्टर असेल तर तो धुऊ नये, आतून बाहेर हलकी हवा मारावी आणि एक नवा फिल्टर कपाटात ठेवावा. रेडिएटरच्या जाळीसाठी मऊ ब्रश पुरेसा आहे. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो, तेव्हा पाचोळ्याने अर्धी झाकलेली जाळी इंजिन तापवायला पुरेशी होते. रेडिएटरमध्ये बोअरचे क्षारयुक्त पाणी कधीही टाकू नये. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर घरी ठेवावे.

तेलाचा साठा मात्र मोजकाच असावा. पुस्तिकेतील दर्जाचे इंजिन ऑइल एका बदलीपुरते, सोबत ऑइल फिल्टर आणि डिझेल फिल्टर, एवढे पुरते. बहुतेक कंपन्यांची पहिली सर्व्हिस ५० तासांच्या आसपास असते आणि ती कंपनीच्या माणसाकडूनच करून घेऊन कूपनवर नोंद घ्यावी, नाहीतर पुढे वॉरंटीचा वाद उभा राहतो. अवजार उचलणाऱ्या हायड्रॉलिकचे तेल दुकानदार सांगेल ते घेऊ नये, कारण ऑइल ब्रेक (तेलात बुडालेले ब्रेक) असलेल्या बऱ्याच ट्रॅक्टरांत तेच तेल ब्रेकलाही लागते आणि चुकीच्या तेलाने ब्रेक आवाज करू लागतात.

डिझेल कॅनमधून भरत असाल, तर बारीक जाळीचे नरसाळे घ्यावे. टाकी संध्याकाळी भरून ठेवली, की थंडीच्या रात्री रिकाम्या जागेतल्या हवेतील बाष्पाचे पाणी होऊन साचत नाही.

आता एक गोष्ट, जी पुस्तिकेत सापडणार नाही. टूलबॉक्समध्ये धारदार विळा ठेवा. बागेत ठिबकची नळी किंवा केळीच्या खोडाचे सोपट रोटाव्हेटरच्या शाफ्टवर गुंडाळले जाते आणि ते तसेच फिरत राहिले, की तेल आत रोखणाऱ्या ऑइल सीलमध्ये घुसून गळती सुरू होते. ट्रॅक्टर बंद करून, किल्ली खिशात घालूनच ते कापावे. याच पेटीत लिंकेजच्या चार-सहा जादा पिना असाव्यात. त्या शेतात हमखास पडतात. पान्यांचा सेट, हवेचा दाब पाहण्याचा गेज, फ्यूज आणि बॅटरीच्या टर्मिनलला लावायला व्हॅसलीन एवढे ठेवले, की पेटी झाली. रोटाव्हेटरची पाती मात्र डाव्या-उजव्या जोडीने आणि नटबोल्टसह घ्यावीत.

बदललेले तेल बांधावर ओतू नये. झाकणाच्या कॅनमध्ये साठवून ते जुने तेल घेणाऱ्याला द्यावे. आमच्याकडे गॅरेजवाला ते ठेवून घेतो.