बाटली उकळायची, की यंत्र घ्यायचं?

प्रश्न : बाळ तीन महिन्यांचं आहे. पुढच्या महिन्यापासून मी कामावर रुजू होणार. मी काढून ठेवलेलं दूध सासूबाई बाटलीने पाजतील. दिवसाला चार बाटल्या लागतील असं वाटतं. दुकानात विजेचा स्टरिलायझर २,२०० रुपयांना सांगितला. घरच्या पातेल्यात उकळून भागणार नाही का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : भागेल. नीट उकळलं तर यंत्रापेक्षा काही कमी होत नाही. पण उकळण्याच्या आधीचं काम जास्त महत्त्वाचं, आणि नेमकी तिथेच घाई होते. दूध लागलेली बाटली तशीच उकळली तर दुधातली प्रथिनं आणि स्निग्धांश शिजून आतून चिकटतात. त्या थराखाली जंतू तग धरतात. म्हणून पाजून झाल्याबरोबर बाटली, कडं, निपल, टोपण असे सगळे भाग सुटे करा. आधी गार पाण्याने विसळा, मग गरम पाणी, भांड्यांचं साबण आणि ब्रश. हा ब्रश फक्त बाटलीचाच असू द्या, सिंकमधला भांड्यांचा स्पंज नको. निपल उलटं करून घासा आणि भोकातून पाणी दाबून काढा. कड्याच्या आट्यांत दूध सर्वांत जास्त अडकतं, तिथे ब्रश फिरवल्याशिवाय सोडू नका.

उकळायला झाकणाचं खोल पातेलं घ्या. तळाशी स्टीलची जाळी किंवा दुहेरी सुती फडकं ठेवा, म्हणजे प्लॅस्टिक तापलेल्या बुडाला टेकणार नाही. बाटली तिरकी करून पाण्यात सोडा. आत हवेचा फुगा राहिला तर तेवढा भाग उकळत्या पाण्याबाहेरच राहतो. सगळं बुडायला हवं. वेळ मोजायची ती खळखळून उकळी आल्यावर, गॅस पेटवल्यापासून नव्हे. तिथून १० मिनिटं झाकण ठेवून, उकळी मोडणार नाही इतपत मंद आचेवर. निपलला शेवटची ५ मिनिटं पुरतात. रोज जास्त वेळ उकळलं की ती लवकर चिकट आणि सैल होतात. चिकट झालेलं, चीर गेलेलं किंवा भोक मोठं झालेलं निपल टाकून द्या.

काढताना हात धुतलेले हवेत. चिमटाही त्याच पाण्यात उकळून घ्या. आतून फडक्याने पुसू नका. पाणी झटकून, निथळून बाटली जोडा आणि टोपण लावून झाकणाच्या स्वच्छ डब्यात ठेवा.

आता खर्चाचं. दोन लिटर पाणी उकळून १० मिनिटं ठेवायला साधारण ३० ग्रॅम गॅस जातो. दिवसातून दोनदा केलं तर महिन्याला पावणेदोन-दोन किलो, म्हणजे १४.२ किलोच्या सिलिंडरचा जवळपास आठवा भाग. ५०० वॉटचं यंत्र १० मिनिटं चालवलं तर वीज युनिटच्या बाराव्या भागाइतकी लागते. दिवसाला दोन वेळा धरले तरी महिन्याचे ५ युनिट. तेव्हा रोजच्या खर्चात यंत्र स्वस्त आहे, पण तेवढ्या बचतीतून २,२०० रुपये बाळ वर्षाचं होईपर्यंत काही वसूल होत नाहीत. त्यापेक्षा पाच बाटल्या ठेवा आणि रात्री एकदाच उकळा. गॅस निम्मा होईल. यंत्राचा खरा फायदा वेगळा : ते आपोआप बंद होतं. सासूबाईंना एकाच वेळी बाळ आणि गॅस सांभाळावा लागणार असेल तर पैसे त्यासाठी मोजा.

शिवाय दूध वाटी-चमच्याने किंवा बोंडल्याने पाजता आलं तर आट्या, निपल, ब्रश हे सगळंच सुटतं. स्टीलचं उघड्या, रुंद तोटीचं बोंडलं घ्या. धुवायला पाच मिनिटं, उकळायला तेवढीच. बाळाला थोडं उभट धरून घोट-घोट द्यायचं, ओतायचं नाही.

प्रश्न : मी नातवाच्या बाटल्या वरण-भाताच्या कुकरमध्येच ठेवते, तीन शिट्ट्या करते. दोन बाटल्यांची तोंडं वाकडी झाली. बाटल्या हलक्या प्रतीच्या असाव्यात का?
– एक आजी, इचलकरंजी

उत्तर : आजी, दोष बाटल्यांचा असेलच असं नाही. शिट्टी लावलेल्या कुकरमध्ये तापमान १२० अंशांच्या आसपास जातं. पॉलिप्रॉपिलीनची बाटली तेवढ्याने वितळत नाही, पण मऊ पडते आणि त्यात ती दाटीने ठेवलेली असली की वाकते. तोंड वाकडं झालं की कडं घट्ट बसत नाही, दूध गळतं, आणि आट्यांमध्ये फट राहून तिथे घाण साचते. त्या दोन बाटल्या बाद करा. शिवाय भाताची पेज उतू जाऊन बाटलीत शिरते, ते वेगळंच.

तुमच्याकडे इडलीपात्र असेलच. तळाशी दोन पेले पाणी घाला, चाळणीवर बाटल्या उपड्या आणि सुट्या-सुट्या ठेवा. वाफ जोरात यायला लागली की १० मिनिटं मोजा. शिट्टी नाही. निपल आणि कडी बाजूला, एकावर एक नकोत, नाहीतर मधल्या फटीत वाफ पोचत नाही. पाणी आटू देऊ नका.

मोठ्या नातवंडाच्या जुन्या बाटल्या काढल्या असतील तर त्यांचा तळ बघा. त्रिकोणात ५ आकडा असेल तर ती पॉलिप्रॉपिलीनची. ७ आकड्याच्या, काचेसारख्या कडक जुन्या बाटल्या पॉलिकार्बोनेटच्या असू शकतात. दुधाच्या बाटल्यांसाठी ते प्लॅस्टिक भारतीय मानकाने २०१५ मध्ये बंद केलं. त्या उकळत बसू नका.

प्रश्न : बोअरचं पाणी आहे. उकळल्यावर बाटल्यांवर पांढरी भुकटी बसते. जंतू मेले की नाही?
– एक वाचक, बार्शी

उत्तर : मेले. ती भुकटी क्षारांची आहे, बाळाला अपाय नाही. पण खरखरीत थरावर दूध चिकटतं, म्हणून साचू देऊ नका. आठवड्यातून एकदा लिटरभर कोमट पाण्यात दोन चमचे लिंबाचं फूल घालून अर्धा तास बाटल्या भिजवा, मग साध्या पाण्याने धुऊन नेहमीसारख्या उकळा. विजेच्या यंत्राची तापणारी ताटलीही अशीच साफ करायची. तिच्यात पाणी मापूनच घाला. बरीच यंत्रं ताटली कोरडी पडली की बंद होतात. पाणी कमी पडलं तर वाफही कमी वेळ मिळते.

प्रश्न : लग्नाला गावी जायचंय, चार दिवस. गॅसची सोय धड नाही. आशाताईंनी पाण्यासाठी दिलेलं क्लोरीन वापरलं तर?
– एक वाचक, चिपळूण

उत्तर : ते नको. पिण्याच्या पाण्याचं क्लोरीन फार पातळ मात्रेचं असतं, बाटल्यांना पुरत नाही. उलट कपड्यांच्या ब्लीचची तीव्रता डब्यागणिक वेगळी असते, तेही अंदाजाने घेऊ नका. औषधाच्या दुकानात बाळाच्या बाटल्यांसाठीच्या गोळ्या किंवा द्रावण मागा आणि प्रमाण वेष्टनावर लिहिलंय तेच ठेवा. प्लॅस्टिकचा झाकणाचा डबा घ्या. धुतलेल्या बाटल्या पूर्ण बुडवून किमान ३० मिनिटं ठेवा, फुगे काढून. द्रावण २४ तासांनी बदला. स्टीलचं काही त्यात टाकू नका, गंज धरतो.

प्रश्न : कडकडीत पाण्याने विसळून उन्हात ठेवलं तर पुरेल का? आणि हे किती महिने करायचं?
– एक वाचक, नागपूर

उत्तर : पुरणार नाही. बाटलीत ओतलेलं पाणी मिनिटभरात निवतं, आणि उन्हाला ठेवलेल्या उघड्या बाटलीवर धूळ आणि माश्या बसतात. पहिले दोन महिने, किंवा बाळ दिवस भरायच्या आधी जन्मलं असेल तर डॉक्टर सांगतील तोवर, एकही दिवस चुकवू नका. त्यानंतर सुदृढ बाळाच्या बाबतीत नीट धुण्यावर भर देऊन थोडी ढील दिली तरी चालते असं काही ठिकाणी सांगतात. पण नळाला एक दिवसाआड पाणी येत असेल किंवा पावसाळ्यात गढूळ येत असेल, तर वर्षभर रोज एकदा उकळाच.

पावडरचं दूध देत असाल तर आणखी एक. पावडर स्वतः निर्जंतुक नसते. बाटली उकळून घेतली आणि पावडर कोमट पाण्यात कालवली तर अर्धं काम वाया जातं. उकळलेलं पाणी अर्ध्या तासाच्या आत, ७० अंशांच्या खाली जाण्याआधी पावडरवर ओता. मग बंद बाटली गार पाण्यात धरून निववा, मनगटावर थेंब टाकून बघा आणि दोन तासांत न संपलेलं दूध फेकून द्या.