दुखलं की थांबायचं, की रेटायचं?

प्रश्न : वय ५४. दिंडोरी तालुक्यात द्राक्षबाग आहे, मधुमेह आहे. उजवा खांदा तीन-चार महिन्यांपासून आखडलाय. नाशिकच्या डॉक्टरांनी ‘फ्रोजन शोल्डर’ सांगून काठीचे आणि भिंतीवर बोटं चढवायचे व्यायाम दिले. शेजारी म्हणतो, डोळ्यांत पाणी आल्याशिवाय खांदा मोकळा होत नाही. बायको म्हणते, दुखलं की बंद करा. कुणाचं ऐकू? ऑक्टोबर छाटणीही तोंडावर आहे.

उत्तर : वहिनींचं अर्धं ऐका, शेजाऱ्याचं अजिबात नको.

या आजारात सांध्याभोवतीचं आवरण सुजतं, मग जाड होऊन आकसतं. ते ताणताना थोडं दुखणारच. काहीच नाही म्हणजे ० आणि असह्य म्हणजे १० धरलं, तर ३-४ पर्यंतचं दुखणं मी माझ्या पेशंटना चालवून घ्यायला सांगते. तेही ओढ बसल्यासारखं, बोथट, आणि काठी खाली ठेवल्यावर थोड्या वेळात ओसरणारं. पण खरा निकाल लागतो रात्री आणि दुसऱ्या दिवशी सकाळी. ठणक्याने झोपमोड झाली, शर्टाच्या बाहीत हात घालताना कालच्यापेक्षा जास्त अडलं, तर कालचा व्यायाम जास्त झाला. अशा वेळी बंद करू नका, वहिनींचं चुकतं ते इथे. व्यायाम जितक्या वेळा करता, त्याच्या निम्म्या वेळा करा, हात थोडा अलीकडेच थांबवा. तीन-चार महिने म्हणजे तुमचा दुखरा टप्पा अजून चालू असावा. या काळात जोर लावून ताणलं की खांदा आणखी चिडतो. गावात कुणी हात ओढून ‘सांधा बसवून’ देत असेल, तर लांबूनच नमस्कार.

भिंतीवर बोटं चढवताना आरशात बघा. खांदा कानाकडे उचलला जात असेल, तर बोटं कितीही वर गेली तरी सांधा हललेला नाही. तुम्ही फक्त दमताय. आधी दहा मिनिटं शेक घ्या, पण पिशवी टॉवेलात गुंडाळून. मधुमेहात चटका कधी कधी कळत नाही.

फ्रोजन शोल्डरचं दुखणं बहुधा दंडाच्या बाहेरच्या बाजूला जाणवतं. ते कोपराखाली उतरून बोटांना मुंग्या येत असतील, तर मानही तपासून घ्या. सुरी खुपसल्यासारखी कळ आली की तिथेच थांबा. ‘कट्’ होऊन हात एकदम उचलेनासा झाला, किंवा खांदा लाल, गरम होऊन ताप आला, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. छातीवर दाब, घाम, धाप असेल तर खांद्याचा विचारच नको, थेट हॉस्पिटल.

शेजाऱ्याचाही खांदा दुखला होता का, आणि नेमकं काय झालं होतं, ते तुम्ही लिहिलेलं नाही. स्नायूची दोरी तुटून शिवलेली असेल, तर ती हाडाला धरायला साधारण १२ आठवडे लागतात आणि त्याचे व्यायाम वेगळेच. त्याने मोबाईलवर व्हिडिओ दाखवले, तरी ते बघून काही करू नका.

छाटणीचं म्हणाल तर मांडवाखाली तासन्‌तास हात वर धरून कात्री चालवणं यंदा गड्यांवर सोडा. तुम्ही काडी दाखवा, तिच्यावरचे डोळे (कोंब फुटायच्या जागा) मोजायला सांगा. आणि साखर आटोक्यात आहे का ते बघा, पत्रात त्याबद्दल एक अक्षर नाही. डॉक्टरांनी सांध्यात स्टिरॉइडचं इंजेक्शन सुचवलं तर मधुमेहाचं आधी सांगा. त्यानंतर काही दिवस साखर चढते.