महीच्या वाटेने मेवाडच्या तलावांकडे

प्रश्न : ताई नमस्कार. आम्ही वडोदऱ्यात मांजलपूरला राहतो. मुलगा मिशिगनला असतो, तो आणि सूनबाई उन्हाळ्यात तिकडच्या मोठ्या तलावांच्या कडेकडेने गाडी घेऊन फिरून आले, रोज फोटो पाठवायचे, ते बघून यांनी मनावर घेतलंय की आपणही आपल्या गाडीने असं काहीतरी करूया. आपल्या बाजूला तलाव तलाव करत जाता येईल असं काही आहे का? उदयपूर एकदा टूरच्या बसने झालंय पण राजवाडा, सहेलियों की बाडी आणि खरेदी एवढंच. आम्ही दोघं, कॉलेजला जाणारी मुलगी आणि सासूबाई, वय 74, गुडघ्यांचा त्रास. गाडी सीएनजी. दिवाळीच्या सुट्टीत चार दिवस मिळतील. हॉटेल बुक करायच्या आधी तुमचं मत हवंय. — एक वाचक, मांजलपूर

उत्तर : हॉटेल बुक करू नका, आधी तारीख बदला. दिवाळीत पाडव्यापासून लाभपाचमपर्यंत, म्हणजे कार्तिकातल्या पंचमीपर्यंत, आपल्याकडे दुकानं बंद, आणि मग अर्धं गुजरात गाड्या काढून उदयपूर, नाथद्वारा नाहीतर आबूला निघतं, त्या दिवसांत फतेहसागरच्या रस्त्यावर गाडी चालत नाही, सरकते, आणि खोल्यांचे भाव विचारूच नका. कोजागिरी झाली की धनतेरसच्या आधी जो मधला काळ मिळतो ना, तो पकडा. शनिवार रविवार धरून मुलीचं कॉलेज दोन दिवस बुडेल तर बुडू दे. पाऊस संपलेला असतो, डोंगर अजून हिरवे असतात आणि मुख्य म्हणजे तलाव भरलेले असतात. हे सगळे तलाव पावसाच्या पाण्यावर जगतात, मे महिन्यात गेलात तर काठाला भेगा पडलेला चिखल दिसेल, पावसाने दगा दिलेल्या वर्षी तर पिछोलाचंही मैदान झालेलं लोकांनी बघितलंय. म्हणून बुकिंगच्या आधी त्या वर्षी तलाव भरलेत का हे बघायचं, उदयपूरचे तलाव सांडव्यावरून वाहायला लागले की बातमी येतेच.

आता मुलाच्या फोटोंचं. अमेरिकेतला नुसता सुपीरियर तलाव 82 हजार चौरस किलोमीटरच्या वर आहे, म्हणजे आपल्या गुजरातच्या जवळजवळ दोन पंचमांश, तेव्हा आकाराची तुलना सोडून द्या. ते तलाव हिमनद्यांनी कोरलेत. आपल्याकडचे माणसांनी बांधलेत, कोरड्या मुलखात पाऊस अडवून ठेवायला, आणि हे मनात ठेवून गेलात की प्रत्येक तलावाची पाळ वेगळी दिसायला लागते. माझं स्पष्ट मत सांगते, यावेळी राजवाडे कमी करा आणि पाळीवर जास्त बसा. आणि जाताना हायवेने सुसाट उदयपूर गाठू नका, महीच्या बाजूने जा.

महीच का, तर वडोदऱ्याला पिण्याचं बरंचसं पाणी महीच्या पात्रातल्या विहिरींतून येतं, फाजलपूरच्या फ्रेंच वेल तुम्ही वासदकडे जाताना ऐकल्या असतीलच. ही नदी मध्य प्रदेशात धार जिल्ह्यात उगम पावते, उत्तरेला राजस्थानात बांसवाड्याकडे जाते आणि तिथून वळून परत दक्षिणेला आपल्याकडे येते, या वळणामुळे ती कर्कवृत्त दोनदा ओलांडते. तुम्ही जायचं ते हिच्या उलट्या दिशेने, जिथून पाणी येतं तिकडे.

पहिल्या दिवशी सकाळी सहाला निघा, हालोल, गोधरा, लुणावाडा, संतरामपूर करत बांसवाडा, सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास. वाटेत कडाणा धरण आहे पण ते थोडं आत आहे, निघायला उशीर झाला असेल तर सोडून द्या, पुढे जे दिसणार आहे ते जास्त चांगलं आहे. बांसवाड्याला जेवून सासूबाईंना तासभर पडू द्या आणि चारच्या सुमारास माही बजाज सागरला जा, गावापासून पंधरा-वीस किलोमीटर. हे धरण 1983 च्या सुमारास पूर्ण झालं, जमनालाल बजाजांचं नाव दिलंय, सोळा दरवाजे आहेत आणि बांध तीन किलोमीटरच्या वर लांब. पण खरी मजा धरणावर नाही, मागच्या पाण्यात आहे. धरण भरल्यावर आजूबाजूच्या टेकड्यांचे नुसते माथे पाण्याबाहेर राहिले, त्यांची बेटं झाली, म्हणून बांसवाड्याला शंभर बेटांचं शहर म्हणतात. हे बघायचं तर चाचा कोटाला जा. रस्ता अरुंद आहे, शेवटी शेवटी गावातून जातो, समोरून ट्रॅक्टर आला तर कुणाला तरी मागे घ्यावं लागतं, पण टेकडीच्या वळणावरून खाली पाणी दिसायला लागलं की गाडी आपोआप थांबते. उतारावर गवत अगदी पाण्यापर्यंत गेलेलं असतं आणि त्यात गुरं चरत असतात. अंधार पडायच्या आत मात्र परत फिरा, तिथे दिवे नाहीत.

दुसऱ्या दिवशी सागवाडा-आसपूरच्या बाजूने सलुंबर आणि मग जयसमंद. वाटेत बेणेश्वर लागतं, सोम आणि मही तिथे मिळतात, माघ पौर्णिमेला तिथे भिल्ल समाजाची फार मोठी जत्रा भरते. पाऊस लांबला असेल तर संगमापर्यंतचा रस्ता चालू आहे का हे गावात विचारूनच आत वळा.

जयसमंदला मात्र घाई करू नका. महाराणा जयसिंहांनी सतराव्या शतकाच्या शेवटी गोमती नदी अडवून हा तलाव केला, गावातले लोक अजून ढेबर म्हणतात. माणसाने बांधलेल्या जुन्या तलावांमध्ये आशियात ज्यांची नावं घेतात त्यातला हा एक. पाळ पांढऱ्या दगडाची आहे, पायऱ्या उतरत पाण्यात जातात, पायऱ्यांवर कोरलेले हत्ती आणि छत्र्या, म्हणजे दगडी खांबांचे छोटे मंडप, मधोमध महादेवाचं देऊळ. सासूबाईंना खाली उतरवू नका, वर छत्रीत बसवा, वारा छान असतो. आणि मुलीला तिथे बसून एक गोष्ट सांगा: या तलावाचं जास्तीचं पाणी गोमतीतून सोममध्ये, सोममधून बेणेश्वरला महीत, आणि महीतून खाली आपल्याकडे येतं. तिथून पुढे उदयपूरला पोचलात की मात्र पाणी पाठ फिरवतं. पिछोला, फतेहसागर, उदयसागर यांचं पाणी आयड नदीतून बेडच, बनास, चंबळ असं करत यमुनेला जातं, म्हणजे शेवटी बंगालच्या उपसागराला. पन्नासेक किलोमीटरच्या अंतरात एका तलावाचं पाणी खंभातच्या आखाताला आणि दुसऱ्याचं पार बंगालला. पाणी दोन दिशांना वाटणारी एवढी मोठी रेषा आपण गाडीतून ओलांडतो आणि कळतही नाही, त्या टापूत खिडकीबाहेर लक्ष ठेवा.

उदयपूरला दोन रात्री. हॉटेल जुन्या गावात पिछोलाच्या काठावर घ्यायचा मोह होईल, पण गुडघे आणि पार्किंग या दोन कारणांसाठी मी फतेहसागरच्या बाजूला राहा असं सांगेन, जुन्या गावातल्या गल्ल्यांत गाडी आत जात नाही आणि बऱ्याच हवेल्यांमध्ये लिफ्ट नसते. पिछोला चौदाव्या शतकातला, महाराणा लाखांच्या काळात एका बंजाऱ्याने बांधला असं सांगतात, तो संध्याकाळी अंबराई घाटावरून बघा, समोर राजवाड्याचे दिवे लागतात ते तिथून छान दिसतात, बोटीचे पैसे वाचले तरी चालतील. तुमच्या यांची आणि मुलीची पहाटे उठायची तयारी असेल तर बडी तलाव, गावाबाहेर दहा-बारा किलोमीटर, शेजारच्या बाहुबली टेकडीवर अर्धा तास चढलं की सगळा तलाव खाली. नऊनंतर ऊन लागतं आणि फोटोवाल्यांची रांगही.

तिसरा दिवस राजसमंदसाठी ठेवा, उदयपूरहून साधारण पासष्ट किलोमीटर, वाटेत एकलिंगजी आणि नाथद्वारा. इथे एक काळजी घ्यायची, नाथद्वारा आणि राजसमंदच्या काठच्या कांकरोलीची द्वारकाधीश हवेली, म्हणजे देऊळ, दोन्हीकडे दर्शन ठरलेल्या वेळी उघडतं आणि मध्ये बंद होतं, तेव्हा आधी वेळा बघून मग बाकीचं बसवा. नाथद्वाऱ्याला पुदिन्याचा चहा कुल्हडमध्ये मिळतो, तो घ्याच.

राजसमंद म्हणजे या सगळ्या ट्रिपचा गाभा असं मला वाटतं, आणि नेमकं तिथेच लोक दर्शन करून पाळ न बघता परत येतात. महाराणा राजसिंहांनी 1662 मध्ये दुष्काळात लोकांना काम मिळावं म्हणून हा तलाव खणायला घेतला आणि 1676 ला प्रतिष्ठा केली. पाळीवर नौचौकी नावाची जागा आहे. तिथे मंडपांच्या छताकडे मान वर करून बघा, इंचभर जागा रिकामी नाही, सूर्य, पक्षी, घोडे, नाचणाऱ्या बायका, सगळं पांढऱ्या दगडात. आणि पाळीच्या कोनाड्यांमध्ये काळ्या दगडाच्या 25 शिळा बसवल्यात, ही राजप्रशस्ती, संस्कृतमधलं हजाराहून जास्त श्लोकांचं काव्य, मेवाडचा इतिहास आणि तलाव कसा बांधला त्याची हकीकत. रणछोड भट्टांनी रचलंय. देवनागरी अक्षरं आहेत, संस्कृत येत नसलं तरी मधले मधले शब्द आपल्याला लागतात, सासूबाईंना वाचायला फार आवडेल बघा. आणखी एक, 1930-40 च्या काळात इंपीरियल एअरवेजची पाण्यावर उतरणारी विमानं याच तलावावर उतरायची, हे मुलाला फोनवर सांगा.

चौथ्या दिवशी परत येताना हायवेवरून आत वळून डुंगरपूर करा, गैबसागर तलावाच्या काठावर बसून नाश्ता, पाण्यातच बादल महाल आहे तो तिथल्या पारेवा दगडाचा. जुना महाल सुंदर आहे, आत भिंतीभर चित्रं आणि आरसे, पण जिने उंच आणि अरुंद, तुम्ही तिघं आळीपाळीने जाऊन या, एकाने सासूबाईंजवळ थांबा. मग शामळाजी, मोडासा, बालासिनोर करत घरी.

गाडीचं थोडं. सीएनजी गोधऱ्यापर्यंत भरून घ्या, पुढे मिळेलच असं धरून निघू नका, पेट्रोलची टाकी फुल हवी, आणि चार माणसं सामानासकट असताना चढावर पेट्रोलवरच चालवा. सीएनजीच्या टाकीखाली स्टेपनी असेल तर ती निघते का हे घरी एकदा काढून बघा, डिकीत जागा कमी असते म्हणून मऊ बॅगा घ्या, कडक सुटकेस नको. पीयूसी, इन्शुरन्स आणि फास्टॅगचा बॅलन्स बघा. अंधार पडल्यावर बांसवाडा आणि डुंगरपूरकडच्या रस्त्यांवर गाडी चालवू नका, गुरं आणि बिनदिव्याच्या मोटरसायकली दोन्ही असतात. आणि परत येताना कुणी मित्राने राजस्थानातून बाटली मागवली असेल तर सरळ नाही म्हणा, गुजरातमध्ये दारूबंदी आहे, हद्दीवर गाड्या तपासतात, सासूबाई सोबत असताना पोलीस चौकीत बसायची वेळ नको.

प्रश्न : आम्ही जयसमंदला मुलांना घेऊन जातोय, मुलं 8 आणि 11 वर्षांची, दोघं पोहायला शिकलीत. तलावात उतरू द्यावं का? — एक वाचक, कारेलीबाग

उत्तर : नाही. जयसमंदमध्ये मगरी आहेत, आणि आपण मगरींच्या विश्वामित्री नदीच्या गावचे, मगर काठाशी कशी निपचित पडून राहते आणि पाण्यात कशी अजिबात दिसत नाही हे आपल्याला कुणी सांगायला नको. शिवाय जुन्या पाळींच्या खालच्या पायऱ्या शेवाळाने निसरड्या असतात आणि शेवटच्या पायरीनंतर पाणी एकदम खोल जातं. तरणतलावात पोहणाऱ्या मुलाला हे कळत नाही. बोटीत बसवा, पण लाइफ जॅकेट मुलांच्या मापाचं असेल तरच, मोठ्या माणसाचं जॅकेट मुलाच्या डोक्यावरून निघून जातं. मापाचं नसेल तर बोट नको, मुलं रडली तरी.

प्रश्न : ताई, आम्हाला फक्त एक रविवार मिळतो. दुकान आहे. वडोदऱ्याच्या जवळ असं पाणी बघायला कुठे जाऊ? आजवा तलाव सोडून सांगा. — एक वाचक, दांडिया बाजार

उत्तर : वढवाणा, डभोईच्या बाजूला, वडोदऱ्याहून तासा-सव्वातासात पोचाल. गायकवाडांच्या राज्यात शंभरएक वर्षांपूर्वी शेतीच्या पाण्यासाठी हा तलाव बांधला, सयाजीराव महाराजांचा काळ, आणि 2021 मध्ये त्याला रामसर यादीत स्थान मिळालं, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांमध्ये आपल्या डभोईचं नाव आहे, याचा मला फार अभिमान वाटतो. नोव्हेंबरअखेरपासून फेब्रुवारीपर्यंतच जा, त्याआधी पक्षी पुरेसे आलेले नसतात. ग्रेलॅग गूज, पट्टकादंब हंस, तऱ्हेतऱ्हेची बदकं, सकाळी थवे उठतात तेव्हा बोलणं ऐकू येत नाही इतका आवाज होतो. सूर्य उगवायच्या आत पोचा म्हणजे वडोदऱ्याहून पाचला निघायचं. भडक रंगाचे कपडे नकोत, गाडीत गाणी नकोत, दुर्बीण कुणाची तरी मागून घ्या. पाळीवर बसून खाल्लंत तर वेफरची पाकिटं परत आणा, ती वाऱ्याने थेट पाण्यात जातात. दहापर्यंत पक्षी पांगतात, मग परतताना डभोईला हिरा भागोळचा दरवाजा बघा, कोरीवकाम अगदी हाताला लागेल इतकं जवळ आहे. जेवायला घरी पोचाल, संध्याकाळी दुकानही उघडता येईल.